कागदावरची इमारत: वास्तुकलेच्या विद्यार्थ्यासाठी दृश्यसंवादाची ओळख

वास्तुविशारद स्वतः वीट रचत नाही. इमारत उभी राहते ती गवंडी, सुतार, फिटर आणि सेंटरिंगचे कारागीर यांच्या हातून. वास्तुविशारदाच्या हातून निघते ते चित्र. मनातली कल्पना आणि प्रत्यक्ष भिंत यांच्यामधला सारा व्यवहार या चित्रावर चालतो. ते चित्र संदिग्ध असेल, तर जागेवरचा माणूस आपल्या समजुतीप्रमाणे अर्थ लावतो आणि चुकलेली भिंत पाडण्याचा खर्च घरमालकाच्या माथी येतो. म्हणूनच वास्तुकलेच्या शिक्षणात रेखाटन हा छंदाचा किंवा सजावटीचा विषय मानला जात नाही. ती व्यवसायाची भाषा आहे, आणि कोणत्याही भाषेप्रमाणे तिलाही व्याकरण, शब्दसंग्रह व सराव लागतो.

भारतात वास्तुकलेचा पदवी अभ्यासक्रम पाच वर्षांचा, म्हणजे दहा सत्रांचा आहे. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार स्थापन झालेली वास्तुकला परिषद या शिक्षणाचे किमान निकष ठरवते. दृश्यसंवादाचे शिक्षण मात्र एका विषयात सामावलेले नसते. पहिल्या वर्षाचे आर्किटेक्चरल ड्रॉइंग व बेसिक डिझाइन, नंतरचे बांधकामशास्त्राचे तक्ते, संगणकाचे वर्ग, मोजमापांचे अभ्यासदौरे आणि प्रत्येक सत्राच्या अखेरीस होणारी ज्युरी यांत ते विखुरलेले आहे. विखुरलेले असल्यामुळेच अनेक विद्यार्थ्यांना ते सलगपणे उमगत नाही. या लेखात त्याची सुसंगत मांडणी केली आहे.

परंपरेचा धागा

मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेची स्थापना १८५७ ची. त्याच कलाशाळेत वास्तुकलेच्या शिक्षणाचा उगम आरेखकांच्या वर्गातून झाला, ही बाब बोलकी आहे. प्रथम आरेखक आणि मग वास्तुविशारद, असा तो क्रम होता. पुढे तेथे दीर्घकाळ अध्यापन केलेले ब्रिटिश वास्तुविशारद क्लॉड बॅटली यांनी प्रत्यक्ष मोजमाप घेऊन भारतीय वास्तूंचे आरेखन करण्यावर भर दिला. अशा आरेखनांचा त्यांचा ‘द डिझाइन डेव्हलपमेंट ऑफ इंडियन आर्किटेक्चर’ हा ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याकडे आणखी एक शिदोरी असते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा गावोगावच्या शाळांतून दिल्या जातात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन ही त्यांची अंगे वास्तुकलेच्या पहिल्या वर्षाला थेट उपयोगी पडतात. स्थिरचित्रातून निरीक्षण व छायाप्रकाश कळतो, स्मरणचित्रातून पाहिलेले अवकाश डोक्यातून कागदावर उतरवण्याची सवय लागते, तर भूमितीतून घन वस्तूचे सपाट कागदावरील प्रक्षेपण समजते. या परीक्षा न दिलेल्यांनीही खचून जाण्याचे कारण नाही. वास्तुकलेत हवे असलेले रेखाटन चित्रकाराच्या हातापेक्षा निरीक्षकाच्या डोळ्यावर अधिक अवलंबून असते, आणि डोळा सरावाने तयार होतो.

रेषेचे वजन आणि मापाचे भान

वास्तुचित्रातील पहिला धडा रेषेच्या वजनाचा. कापली गेलेली भिंत ठळक रेषेने, तिच्या मागे दिसणारी खिडकीची कड मध्यम रेषेने, फरशीचे सांधे बारीक रेषेने, आणि डोक्यावरील छज्जा किंवा तुळई तुटक रेषेने दाखवतात. या श्रेणीमुळे सपाट कागदावर खोली निर्माण होते. सर्वच रेषा सारख्या जाडीच्या असतील, तर मापे अचूक असूनही चित्र मुके राहते. शाईच्या पेनांच्या ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५ आणि ०.७ मिलिमीटर या जाड्या एकमेकींच्या सुमारे १.४ पट आहेत. कागदाचा आकार एका पायरीने लहान-मोठा केला तरी रेषांची श्रेणी जुळून राहावी, हा त्यामागचा हेतू. तरीही ए-१ आकाराची शीट ए-३ वर छापली की प्रत्येक रेषा निम्मी होते. ०.१८ ची रेषा ०.०९ वर येते आणि छपाईत जवळजवळ नाहीशी होते. वर्षभराचे काम पोर्टफोलिओत फिकट का दिसते, याचे उत्तर अनेकदा एवढेच असते.

दुसरा धडा प्रमाणाचा. एकास शंभर या प्रमाणात ९ इंची, म्हणजे २३० मिलिमीटरची भिंत कागदावर २.३ मिलिमीटर होते, ९०० मिलिमीटरचे दार ९ मिलिमीटर होते, आणि १६५ सेंटिमीटर उंचीचा माणूस १६.५ मिलिमीटर उंच दिसतो. हे आकडे पाठ करण्यापेक्षा अंगवळणी पाडणे महत्त्वाचे. त्यासाठी जुना उपाय आजही उत्तम आहे. आपली खोली, तिच्या दाराची रुंदी, खिडकीच्या तळाची उंची, जिन्याची पायरी हे सारे टेपने मोजावे आणि त्याच दिवशी प्रमाणात काढावे. ३ मीटर उंचीचा मजला चढण्यास १५० मिलिमीटरच्या वीस चढण्या लागतात, आणि ३०० मिलिमीटरच्या पावटीने सरळ जिन्याची लांबी ५.७ मीटर होते. हे एकदा स्वतः काढून पाहिलेला विद्यार्थी प्लॅनच्या कोपऱ्यात अशक्य जिना कोंबत नाही.

तिसरा धडा अक्षरांचा आणि संकेतांचा. उत्तर दिशा, प्रमाण, चित्राचे नाव, छेदरेषेची खूण, जमिनीची पातळी यांवाचून कोणतेही वास्तुचित्र अपुरे असते. वास्तुचित्रांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ९६२ हे मानक आहे. ते पहिल्याच वर्षी एकदा डोळ्यांखालून घातल्यास पुढचे बरेच गोंधळ टळतात.

छेद काय सांगतो?

प्लॅन म्हणजे मजल्यापासून साधारण एक-सव्वा मीटर उंचीवर इमारत आडवी कापून वरून पाहिलेले चित्र. सेक्शन, अर्थात छेद, म्हणजे ती उभी कापून बाजूने पाहिलेले चित्र. नवख्या विद्यार्थ्याचा सारा जीव प्लॅनमध्ये अडकलेला असतो आणि छेद शेवटच्या रात्री उरकला जातो. वास्तविक प्रकाश कुठून येतो, वारा कसा वाहतो, पावसाचे पाणी कुठे अडते, वरच्या माणसाला खालचा माणूस दिसतो का, या प्रश्नांची उत्तरे छेदातच मिळतात.

चार्ल्स कोरिया यांची मुंबईतील कांचनजंगा ही १९८३ मध्ये पूर्ण झालेली इमारत याचे उत्तम उदाहरण आहे. २१ मीटर बाय २१ मीटरच्या चौरसावर सुमारे ८४ मीटर उंच गेलेल्या या इमारतीत तीन ते सहा शयनगृहांच्या ३२ सदनिका आहेत. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचे कडक ऊन आणि पावसाचा माराही त्याच दिशेने येतो. जुन्या बंगल्यांभोवतीच्या व्हरांड्याने हा पेच सोडवला होता. तोच उपाय कोरियांनी दुमजली उंचीच्या कोपऱ्यातील गच्च्यांच्या रूपाने उंच इमारतीत आणला. या सदनिका एकमेकींत कशा गुंतल्या आहेत, हे प्लॅनवरून लवकर ध्यानात येत नाही. छेदात ते एका दृष्टिक्षेपात कळते. म्हणजे ज्या चित्रात कल्पना स्पष्ट दिसते ते चित्र आधी निवडायचे आणि त्याला शीटवर सर्वांत मोठी जागा द्यायची.

येथे प्रमाणाची निवडही शिकण्यासारखी आहे. ८४ मीटरची उंची एकास शंभर प्रमाणात ८४ सेंटिमीटर होते, आणि ए-१ कागदाची लांब बाजू ८४.१ सेंटिमीटर असते. समास सोडायचा तर हे चित्र कागदावर मावतच नाही. साहजिकच पूर्ण छेद एकास दोनशेमध्ये आणि एका गच्चीचा तपशील एकास पन्नासमध्ये, अशी विभागणी करावी लागते. काय दाखवायचे हे ठरले की प्रमाण ठरते. कागद भरण्यासाठी प्रमाण ठरवू नये.

चित्र कोणासाठी?

यथार्थदर्शनाचे गणित युरोपात पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समधील ब्रुनेलेस्की यांच्या प्रयोगांतून आणि लिऑन बातिस्ता अल्बेर्ती यांच्या १४३५ च्या ग्रंथातून आकाराला आले. डोळ्याच्या पातळीवरील क्षितिजरेषा आणि लुप्तबिंदू यांवर आधारलेले हे चित्र आजही ग्राहकाला सर्वांत लवकर कळते. परंतु अवकाश दाखवण्याची ती एकमेव रीत नाही. पुण्यात जन्मलेले, जे.जे.मध्ये शिकलेले आणि पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम केलेले बाळकृष्ण दोशी यांनी आपल्या अनेक प्रकल्पांची चित्रे भारतीय लघुचित्रांच्या धर्तीवर केली. एकाच चित्रात प्लॅन, दर्शनी बाजू, झाडे, पशुपक्षी आणि माणसे निरनिराळ्या कोनांतून दिसतात. इमारतीत आयुष्य कसे घडेल, हे त्यातून उमगते. २०१८ मध्ये दोशी यांना प्रिट्झकर पारितोषिक मिळाले. हा सन्मान मिळालेले ते पहिले भारतीय.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण केरळमध्ये दीर्घकाळ काम केलेल्या लॉरी बेकर यांचे. स्वस्त घरे कशी बांधावीत, हे सांगणाऱ्या त्यांच्या पुस्तिका हस्ताक्षरात आणि साध्या, मिश्कील रेखाचित्रांत आहेत. विटा कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवण्याची पद्धत असो की खिडकीऐवजी विटांची जाळी करण्याची युक्ती असो, गवंड्याला आणि घरमालकालाही ती पाहताक्षणी कळावी अशी ती चित्रे आहेत. दोशींची आणि बेकर यांची चित्रे दिसायला अगदी वेगळी असली, तरी दोघांनीही चित्र कोण पाहणार आहे याचा विचार आधी केला होता. परीक्षक, ग्राहक, महापालिकेचा अभियंता आणि गवंडी हे चार वाचक एकाच इमारतीची चार निराळी चित्रे मागतात.

मोजमापांचा वाडा

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांचे हात खऱ्या अर्थाने तयार होतात ते मोजमाप-आरेखनात. पुण्यातील विश्रामबागवाड्यासारख्या पेशवेकालीन वास्तू, कोकणातील मंदिरे, गोव्यातील चौसोपी घरे यांचा अभ्यास करताना टेप, ओळंबा, पाणपातळी आणि कच्ची वही एवढ्या साहित्यावर काम चालते. प्रथम हाताने कच्चा नकाशा काढायचा, मग त्यावर मापे लिहायची, आणि खोलीचे दोन्ही कर्ण अवश्य मोजायचे. जुन्या वाड्यांचे कोन क्वचितच काटकोन असतात. कर्ण न मोजल्यास घरी आल्यावर चित्र जुळत नाही आणि पुन्हा खेप पडते.

या कामातून आणखी एक गोष्ट हाती लागते, ती म्हणजे शब्द. जोते, ओसरी, सोपा, माजघर, दिंडी, तुळई, सुरूच्या आकाराचा खांब ही नावे चित्रात जागच्या जागी लिहिली की ते चित्र दस्तऐवज बनते. वाडे झपाट्याने पाडले जात असताना एखाद्या विद्यार्थी-गटाने केलेले आरेखन हाच त्या वास्तूचा एकमेव विश्वासार्ह पुरावा ठरू शकतो. देशभरच्या वास्तुकला विद्यार्थ्यांच्या ‘नासा’ या संघटनेच्या स्पर्धांत अशा दस्तऐवजीकरणासाठी लुई कान यांच्या नावाचा स्वतंत्र करंडक आहे.

संगणक कधी हाती घ्यावा?

ऑटोकॅडची पहिली आवृत्ती १९८२ मध्ये आली, स्केचअप व रेव्हिट २००० मध्ये. आज कार्यालयांत या साधनांवाचून काम होत नाही आणि विद्यार्थ्याने ती शिकायलाच हवीत. धोका वेगळ्या ठिकाणी आहे. पडद्यावर चित्र हवे तितके मोठे करता येते, त्यामुळे प्रमाणाचे भान सुटते. दाराच्या बिजागरीचा तपशील एकास शंभरच्या चित्रात भरला जातो आणि छापल्यावर तिथे काळा ठिपका उमटतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी काम कागदावर योग्य प्रमाणात छापून, भिंतीवर लावून, दीड-दोन मीटर अंतरावरून पाहावे.

दुसरा धोका चकचकीत चित्रांचा. रेंडरिंगमुळे अर्धवट विचार केलेली इमारतही पूर्ण वाटू लागते. आता शब्द लिहिताच चित्र तयार करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही विद्यार्थ्यांच्या हाती आली आहेत. त्यांतून वातावरणाची कल्पना मिळते. मात्र खांब कुठे आहे, जिना कुठे पोहोचतो, पाणी कुठून वाहून जाते याची जबाबदारी ते चित्र घेत नाही. ज्या चित्राचा प्लॅन आणि छेद काढता येत नाही, ते इमारतीचे चित्र नव्हे, हा निकष लावल्यास फसगत होत नाही.

प्रतिकृतीचे मोलही संगणकाने कमी झालेले नाही. माउंटबोर्ड किंवा सनबोर्डची साधी कच्ची प्रतिकृती तासाभरात होते, हातात घेऊन फिरवता येते आणि खिडकीशी धरली की ऊन कुठे पडते तेही दिसते. सादरीकरणाच्या देखण्या प्रतिकृतीपेक्षा विचार करण्यासाठी केलेल्या या ओबडधोबड प्रतिकृती अधिक शिकवतात.

ज्युरी आणि मराठी माध्यमाचा विद्यार्थी

सत्राअखेरीच्या ज्युरीत इंग्रजी बोलण्याचे दडपण जिल्ह्या-तालुक्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांवर मोठे असते. उत्तम कल्पना केवळ उच्चारांच्या भीतीने गिळली जाते आणि गुणांवर त्याचा परिणाम होतो. अशा विद्यार्थ्याला दृश्यसंवाद हा खरा आधार आहे. शीट अशी रचावी की विद्यार्थी एक शब्दही न बोलता परीक्षकाला मुद्दा कळावा. डाव्या कोपऱ्यात जागेचा नकाशा आणि प्रश्न, मध्यभागी कल्पना सांगणारे एक ठळक आकृतिचित्र, त्यानंतर प्लॅन, छेद आणि शेवटी यथार्थदर्शन असा क्रम बहुतेक प्रकल्पांना चालतो. सर्व प्लॅनांची उत्तर दिशा एकच ठेवावी आणि प्लॅनखाली त्याच रेषेत छेद लावावा, म्हणजे डोळा आपोआप दोन्हींची सांगड घालतो.

रंग कमी वापरावेत आणि प्रत्येक रंगाला अर्थ असावा. लाल-हिरव्यातला फरक काहींना दिसत नाही, म्हणून शीटची एक कृष्णधवल प्रत काढून पाहावी. तीतही मुद्दा कळत असेल तर रचना पक्की समजावी. बोलण्याची तयारी करताना पाठांतर टाळून छेदावर बोट ठेवत, माणूस दारातून आत येतो तेथून सुरुवात करावी. वाक्य मोडकेतोडके असले तरी बोट योग्य जागी असेल, तर ऐकणारा मागे येतो.

नकाशा आणि नागरिक

या कौशल्याची खरी परीक्षा महाविद्यालयाबाहेर होते. पुनर्विकासाच्या प्रस्तावावर सही करणाऱ्या चाळीतल्या कुटुंबाला आपले भावी घर नकाशावर ओळखता येतेच असे नाही. मंजुरीच्या नकाशात प्रस्तावित काम लाल, पाडावयाचे काम पिवळे, सांडपाण्याची वाहिनी लाल तुटक आणि पाणीपुरवठ्याची वाहिनी काळी तुटक रेषेने दाखवण्याचा संकेत आहे. तो सामान्य माणसाला कोणी समजावून सांगत नाही.

मुंबईच्या विकास आराखड्याचा अनुभव याच संदर्भात आठवण्याजोगा आहे. २०१४ ते २०३४ या कालावधीचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नागरिकांनी आपापल्या वस्तीचे नकाशे उलगडून पाहिले, तेव्हा त्यांत असंख्य चुका आढळल्या. हजारो हरकती नोंदवल्या गेल्या आणि एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडा रद्द करून नव्याने करण्याचे आदेश दिले. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले आणि २०१८ मध्ये आराखड्यास मंजुरी मिळाली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ ने नागरिकांना हरकती-सूचनांचा हक्क दिला आहे. परंतु नकाशा वाचता येत नसेल, तर तो हक्क कागदावरच राहतो. वस्तीतल्या लोकांना त्यांची गल्ली नकाशावर दाखवून देणारा वास्तुकलेचा विद्यार्थी म्हणूनच मोलाचे काम करतो.

वर्षागणिक सराव

पहिल्या वर्षी रोज एक पान मुक्तहस्त रेखाटन, मापे घेणे आणि अक्षरलेखन यांवर भर असावा. २एच पेन्सिलीने आखणी आणि २बी-४बीने छायाप्रकाश ही जुनी जोडी पुरेशी आहे. दुसऱ्या वर्षी छेद व प्रतिकृतींतून विचार करण्याची सवय लावावी आणि द्विमितीय संगणक-आरेखन शिकावे. तिसऱ्या वर्षी मोजमाप-आरेखन, त्रिमितीय साधने आणि शीटची रचना यांकडे लक्ष द्यावे. चौथ्या-पाचव्या वर्षी, विशेषतः कार्यालयीन प्रशिक्षणाच्या सत्रात, कार्यकारी नकाशे वाचायला शिकावे आणि शक्य असेल तेव्हा तो नकाशा हाती धरून लाइनआउटच्या दिवशी जागेवर उभे राहावे. गवंड्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न आपल्या चित्रात कोणती रेषा किंवा कोणते माप राहून गेले, हे दाखवून देतो. त्या प्रश्नांची वही ठेवणाऱ्या विद्यार्थ्याचा पुढचा नकाशा अधिक स्पष्ट होतो.